दोनशे सतराचा वाकडा दात

"माझा दात कुणी केला?"

आधी दार धाडकन उघडलं, मग हा प्रश्न आत आला आणि प्रश्नामागोमाग एक उंच, घामाघूम माणूस. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती आणि डावा हात तोंडावर होता.

मागच्या खोलीत दात घडवत बसलेल्या तिच्या हातातली मेण कोरायची सुरी निसटून थेट चपलेवर पडली. गेल्या पाच वर्षांत या खोलीत पेशंट नावाचा प्राणी कधी फिरकला नव्हता. पेशंट पुढच्या दारानं यायचे, वहिनीच्या टेबलाशी नाव सांगायचे, दादाच्या खुर्चीत आडवे व्हायचे आणि पुढच्याच दारानं जायचे. मागच्या खोलीत यायचे ते त्यांचे नुसते दात. प्लास्टरचे साचे, साच्याला रबरबँडनं अडकवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नंबर आणि दाताचा रंग. दादा दातांचा डॉक्टर, वहिनी बाहेरचं सगळं सांभाळणारी आणि ही धाकटी बहीण मागे बसून दात घडवणारी, असा तो घरचाच दवाखाना होता. माणसांपेक्षा तिची ओळख जबड्यांशीच जास्त होती.

"मी विचारतोय. कुणी केला?"

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही?" तो गडबडला. भांडायला म्हणून आणलेला आवाज त्याला मध्येच कुठे ठेवावा ते कळेना. "मला वाटलं... मशीन असेल."

"मशीन नाही, मीच आहे. काय झालं?"

त्यानं मूठ उघडली. तळहातावर एकच दात. तिनं तो पाहताक्षणी ओळखला. नंबर दोनशे सतरा, वरचा डावा, अगदी पुढचा. गेल्याच आठवड्यात केलेला. सरळ, सुबक, कडेला हलकीशी निळसर झाक दिलेला. तिचा तिलाच आवडला होता.

"छान आहे की!"

"छानच आहे. पण माझा नाही."

एकाचा दात दुसऱ्याला गेला? तिनं फळीवरून दोनशे सतराचा साचा ओढला, दात त्यावर टेकवला. चपखल बसला.

"तुमचाच आहे हो!"

"माझा वाकडा होता."

"मग? तोच तर सरळ करून दिलाय."

"कुणी सांगितलं होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. साच्यातलं दाताचं मूळ जरासं वळलेलं होतं, म्हणजे वरचा दातही वळलेला असणार हे तिच्या लक्षात आलं होतं; आणि लक्षात आलं म्हणूनच तिनं तो सरळ केला होता. तिचा हातच तसा होता. वाकडं दिसलं की सरळ, फट दिसली की बंद. आजवर एकाही माणसानं तक्रार केली नव्हती, उलट लोक मिठाईचे डबे पाठवायचे. वाकडा दात परत मागायला आलेला हा पहिलाच वेडा होता.

वेड्यानं खांद्यावरची पेटी टेबलावर ठेवली आणि उघडली. आत ट्रम्पेट होता.

"दिवसा मी कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं तोलतो," तो म्हणाला. "पण ते पोटासाठी. बारा वर्षं हा वाजवतोय. वादकांच्या संचासाठी दोनदा परीक्षा दिली, दोनदा पडलो. आता तिसरी. पुढच्या शनिवारी. आणि पंधरा दिवसांपूर्वी गच्चीवर सराव करत होतो, तर घरमालकाच्या कुत्र्यानं प्रेमानं मागून उडी मारली. ट्रम्पेट तोंडातच होता."

"अरेरे..."

"दात गेला त्याचं एवढं नाही. आता ऐका."

दात त्यानं खिशातल्या डबीतल्या पेस्टनं जागेवर चिकटवला. दादानं तो कच्चाच बसवला होता. आठ दिवस वापरून बघा, मग पक्का करू, असं सांगून. या गृहस्थांनी तो सहाव्या दिवशीच ओढून काढला होता. ट्रम्पेट ओठाला लावून त्यानं डोळे मिटले. सूर निघाला, वर चढला, आणखी वर गेला, आणि ऐन वरच्या टोकाला असा काही फाटला की फळीवरचे जबडेसुद्धा खुळखुळले.

"बघितलंत?" तो रडवेला होऊन म्हणाला. "ओठ घसरतो. त्या वाकड्या दाताच्या कडेवर तो टेकायचा. बारा वर्षं टेकलाय. मला माझा वाकडा दात करून द्या."

"कसा होता तो?"

"वाकडा."

"अहो, किती? कुठे? फोटो आहे?"

"मी फोटोत तोंड मिटून असतो."

"मग मला कसं कळणार?"

त्यानं गंभीरपणे ओठावर बोट ठेवलं. "याला माहीत आहे."

आणि तिला हसू फुटलं. असं एकदम, पोटातून. लगेच तिचा हात सवयीनं तोंडावर गेला, पण थोडा उशिराच गेला. त्यानं पाहायचं ते पाहिलं होतं. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. चांगली ठसठशीत, आगपेटीची काडी आरपार जाईल एवढी.

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "उद्या येऊ? जेवणाच्या सुट्टीत?"

ती हो म्हणाली, आणि दार लागल्यावर बराच वेळ स्वतःलाच विचारत राहिली की आपण हो का म्हणालो.

त्या फटीची कथा सांगायलाच हवी. लहानपणी दादानं तिचं नाव 'खिडकी' ठेवलं होतं. "खिडकी, जेवायला चल." "खिडकी, वारा येतोय, तोंड मीट." तीही खळखळून हसायची. पुढे दादा डॉक्टर झाला, दवाखाना चालू लागला, आणि तीच फट घरात हळूहळू अडचणीची झाली. बाहेर दवाखान्याच्या पाटीवर हसरा चेहरा आणि आत डॉक्टरांच्या सख्ख्या बहिणीचे दात असे! वहिनी तसं थेट बोलायची नाही. नुसतं म्हणायची, "ताई, लोक आले की तुम्ही मागेच बसा हं. तिथे गारही आहे." आई म्हणायची, "मुलगी गुणाची आहे गं, फक्त हसताना जरा सांभाळायला हवं." मग ती सांभाळू लागली. सांभाळता सांभाळता हात कधी तोंडावर गेला आणि तिथेच राहिला, ते तिलाही कळलं नाही.

आता लग्न ठरलं होतं. रविवारी साखरपुडा. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं, माणसं शांत. फक्त मुलाची आत्या पहिल्याच भेटीत आईच्या कानाशी लागली होती, "तेवढं दातांचं बघून घ्या ना. घरचाच तर दवाखाना आहे." एवढंच. आणि तेवढ्यावर सगळं ठरलं. शुक्रवारी सकाळी दादा तिचे पुढचे दोन दात घासून बारीक करणार आणि त्यांवर दोन पातळ, रुंद पापुद्रे चिकटवणार. फट गायब. पापुद्रे तिनंच केले होते, दुसरं कोण करणार? निळ्या डबीत कापसावर ठेवलेले, फळीच्या कोपऱ्यात. दादा म्हणायचा, "शुक्रवारी खिडकी बंद!" आणि सगळे हसायचे, तीही. तोंडावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला दोनशे सतरा हजर झाला. तिनं एक कच्चा दात करून ठेवला होता, जरासा वळलेला. त्यानं लावला, वाजवलं, फाटलं. तिनं कानशीनं कड घासली. पुन्हा लावला. पुन्हा फाटलं.

"आणखी वाकडा," तो म्हणाला.

"आणखी?" तिला कसंसंच झालं. हात धजेना. पाच वर्षं ज्या हातानं सरळ केलं, त्याच हातानं मुद्दाम वाकडं करायचं म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. "लोक हसतील तुम्हाला."

"लोक ऐकायला येतात. माझ्या तोंडात डोकवायला येत नाहीत."

"मी डोकावते."

"तुम्ही डोकवा की. तुम्हाला मुभा आहे."

ती कानापर्यंत लाल झाली आणि उगाच मेण वितळवायच्या दिव्याची वात खाली-वर करत बसली.

चार दिवसांत पाच दात झाले. रोज एक ते दोन. तो बाहेरच्या बाकावर बसून डबा संपवायचा, हात-तोंड धुऊन आत यायचा आणि साच्यांच्या फळीसमोर उभा राहायचा. कुणाचे दात कसे हे त्याला ऐकायला आवडायचं. ती सांगायची: हे एकशे ऐंशी, झोपेत दात खातात, बघा कसे झिजलेत. हे दोनशे तीन, पेन्सिल चावणारे. आणि हे सगळे, ती फळीभर हात फिरवून म्हणाली, यांना नमुना तीन बसवलाय.

"म्हणजे?"

"वहिनीकडे हसण्याच्या नमुन्यांची वही आहे. पाच प्रकार आहेत. पण सगळे तीन नंबरच घेतात. शोभून दिसतो."

"सगळे? सगळ्यांच्या तोंडात एकच हसू?" तो अवाक झाला. "आणि ते तुम्ही करता?"

तिनं हे असं कधी मनात आणलंच नव्हतं. त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागलं नाही.

पाचव्या दाताला तो सूर आला. तो वर गेला, टोकाला पोचला आणि तिथे थांबला. फाटला नाही. थरथरलाही नाही. छोट्याशा खोलीत तो सूर भरून राहिला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानं ट्रम्पेट खाली घेतला तेव्हा दोघंही एकमेकांकडे आ वासून पाहत होते.

"हाच," तो पुटपुटला. "हाच तो! अहो कारागीर, हाच माझा दात!"

ती हसली. मोठ्यानं, टाळी वाजवून. दोन्ही हात टाळीत गुंतलेले होते, म्हणून तोंड झाकायचं राहून गेलं.

"हात असेच ठेवा ना," तो म्हणाला, "खालीच."

"का?"

"मी इतके दिवस वाट बघतोय... तुम्ही विसराल म्हणून."

दिव्याची ज्योत फरफरत होती, मेण उतू चाललं होतं. तोंडाला आलं ते तिनं बोलून टाकलं. "शुक्रवारी बंद होणार आहे ही. रविवारी साखरपुडा आहे माझा."

त्याचा चेहरा असा झाला की जणू कुत्र्यानं पुन्हा मागून उडी मारली.

"ओ..." तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "ओ."

तिनं निळी डबी काढून दाखवली. का दाखवली कुणास ठाऊक. आत्याचं म्हणणंही सांगून टाकलं. ते नखाएवढे दोन पापुद्रे त्यानं निरखून पाहिले. "काम सुंदर आहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "नंतर नको वाटलं तर काढता येतात?"

"पापुद्रे निघतात. पण खालचे दात घासलेले असतात ना. ते पुन्हा येत नाहीत."

"म्हणजे कायमचं."

"हो."

मग तिनं विचारलंच. "मी काय करू?"

तो काहीतरी बोलणार होता. अगदी ओठावर आलं होतं, तिनं पाहिलं. पण त्यानं ते गिळलं आणि ट्रम्पेट पेटीत ठेवायला लागला.

"सांगा ना!"

"नाही सांगणार."

"का? तुमच्या दातासाठी माझा जीव खाल्लात की!"

"माझ्या दाताचं मला माहीत होतं. साऱ्या जगानं सरळ दात छान म्हटलं असतं, तरी मला माहीत होतं." त्यानं पेटीची कडी लावली. "तुमच्याचं तुम्हाला माहीत असणार. आत्या म्हणाली बंद करा, म्हणून बंद. आणि मी म्हणालो उघडी ठेवा, म्हणून उघडी? मग माझ्यात आणि आत्यात फरक काय राहिला?"

"फरक आहे," ती चिडून म्हणाली. "तुम्ही ट्रम्पेट वाजवता."

तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. पक्का दात तिनं दादाच्या हाती दिला, दादानं तो कपाळाला आठ्या घालत बसवला, आणि दोनशे सतरा पुढच्या दारानं निघून गेला. रीतसर, इतर पेशंटांसारखा. तिला भयंकर राग आला. सांगायला काय जात होतं याचं? दोन शब्द तर हवे होते. तिला ते दोन शब्द इतके हवे होते की तिची तिलाच भीती वाटली.

गुरुवारी संध्याकाळी मुलाच्या घरी चहाला बोलावणं होतं. आई, दादा, वहिनी आणि ती असे चौघं गेले. बैठकीची खोली टापटीप होती, पडदे इस्त्रीचे. मुलाची आई हसत सामोरी आली. आत्या हसली. काका हसले. आतून मोठी जाऊ कपबश्या घेऊन आली, तीही हसली.

धाकट्या बहिणीच्या हाती आलेली बशी कलंडली.

पहिल्या भेटीत तिची मान खालीच होती; आज दिसलं. नमुना तीन. मुलाच्या आईच्या तोंडात तीन, आत्याच्या तोंडात तीन, काकांच्या, जावेच्या. तेच पुढचे दोन रुंद, तोच बाजूचा हलका उतार, तीच कडेची निळसर झाक. सगळं तिच्याच हातचं. समोरच्या कोचावर चार माणसं बसली होती आणि तीच चौघांच्या तोंडातून हसत होती. तिनं वळून वहिनीकडे पाहिलं. वहिनीचेही तेच. स्वतःच्या आईचेही. हे तर रोज दिसत होतं, मग आजच का असं धडकी भरल्यासारखं होत होतं?

"यांचं सगळं घर आपल्याकडेच येतं," वहिनी कौतुकानं कुजबुजली. "म्हणून तर स्थळ कळलं."

मुलाला आणि तिला बोलायला म्हणून गॅलरीत पाठवलं गेलं. तो खरोखर सभ्य होता. आवाज मऊ, बोलणं मोजकं. तो हसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "त्र्याण्णव!"

"काय?"

"तुमचा नंबर. त्र्याण्णव. तीन वर्षांपूर्वी. तुमचे पुढचे दोन दात मी केलेत. तुमच्या... तुमच्या दातांमध्ये फट होती."

तो दचकला. चोरून दाराकडे बघून घेतलं त्यानं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग कसनुसं हसला. "तुम्हाला आठवतंय? हो, होती. आत्याच म्हणाली होती, नोकरीच्या मुलाखतीला बरं दिसेल."

"मग? कसं वाटतं?"

"चांगलंच आहे की. सगळे म्हणतात." तो कठड्यावरून खाली बघू लागला. खाली कुणीतरी सायकल लावत होतं. "आधी मला शीळ छान यायची. त्या फटीतून. कॉलेजात माझी शीळ फेमस होती. आता नाही येत. नुसतीच हवा जाते." मग तिला धीर द्यावा म्हणून, अगदी मनापासून तो म्हणाला, "तुम्ही घाबरू नका. पहिलं वर्षभर जीभ तिथे जात राहते. मग सवय होते. सगळ्याचीच होते."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तिला त्याचा राग आला नाही. त्याची ती फट तिनं स्वतःच्या हातानं बंद केली होती आणि एका शब्दानं विचारलंही नव्हतं.

घरी येताना सगळे खूश होते. तिची जीभ मात्र राहून राहून आपल्या फटीत जात होती. होती अजून.

शुक्रवारी सकाळी ती दादाच्या खुर्चीत आडवी झाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती या बाजूला होती. वरचा दिवा डोळ्यांत घुसत होता. वहिनी निळी डबी घेऊन उभी, आई दाराशी हात जोडून, ऑपरेशनच असल्यासारखी.

"आ कर," दादा म्हणाला. "मोठा. शाबास. खिडकी, शेवटचा वारा घेऊन घे!"

वहिनी हसली. दादानं यंत्र सुरू केलं. ते किर्रर्र करत जवळ येऊ लागलं. हा आवाज तिनं भिंतीपलीकडून पाच वर्षं ऐकला होता, पण आज तो तिच्यासाठी होता. तिला वाटलं होतं, ऐन वेळी ट्रम्पेट आठवेल. तो उंच माणूस आठवेल. तसलं काही झालं नाही. आठवली ती कितीतरी वर्षांपूर्वीची जेवणाची पंगत, दादानं 'खिडकी' म्हटलं की नाकातून पाणी येईस्तोवर हसणारी ती. ती मुलगी तिला फार आवडायची. अजूनही आवडत होती. एवढं साधं होतं ते, आणि हे तिला कायमच माहीत होतं.

तिनं दादाचं मनगट धरलं.

"बंद कर."

"दुखणार नाही गं, सुई देतो."

"दादा, बंद कर ते. मला दात घासायचे नाहीत." यंत्र थांबलं. आणि त्या शांततेत तिच्या तोंडून आणखी एक वाक्य बाहेर पडलं, जे तिनं अजिबात ठरवलेलं नव्हतं. "आणि लग्नही नाही करायचं. तिथे तर नाहीच."

वहिनीच्या हातातून डबी पडली आणि पापुद्रे कुठल्या कुठे उडाले. आई दाराला टेकून मटकन खालीच बसली. पण या सगळ्यांत सर्वांत मोठा धक्का तिलाच बसला होता. हे मी बोलले? हा माझा आवाज? आणि तरी आत कुठेतरी इतकं मोकळं वाटत होतं की तिला भर खुर्चीत हसू येऊ लागलं.

"हसतेस काय!" आई ओरडली. "रविवार परवावर आलाय! लोकांना काय तोंड दाखवू मी?"

"हेच दाखवू या, आई," ती म्हणाली, आणि हात तोंडावर नेला नाही.

उरलेला दिवस कसा गेला ते विचारू नका. मुलाला फोन तिनंच केला. आत्यावर, फटीवर, कशावरही न ढकलता सांगितलं की तुम्ही चांगले आहात, पण मला सवय करून घ्यायची नाही. तो हळूच म्हणाला, "बरं केलंत." का ते त्यानं सांगितलं नाही. आईनं अबोला धरला. वहिनी दर तासाला "लोक काय म्हणतील" एवढंच म्हणत होती. दादा मात्र संध्याकाळी मागच्या खोलीत आला, उगाच साचे चाळत उभा राहिला.

"खिडकी म्हटलेलं इतकं लागायचं तुला?"

"छे रे. तेच तर आवडायचं. बंद म्हणायला लागलास ते लागलं."

दादानं मान खाली घातली. जाताना तो तिच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवून गेला. प्रत्येक चिठ्ठीवर रंगाच्या खाली त्यानं स्वतःच्या गचाळ अक्षरात एक नवी ओळ घातली होती: 'सरळ हवा की होता तसा?'

शनिवारी दुपारी एक वाजला. ती घड्याळाकडे बघत नव्हती, असं तिचं म्हणणं. सव्वा वाजला. त्याची परीक्षा सकाळीच होती. एव्हाना कळलं असेल. पण तो इथे कशाला येईल? त्याला ती उद्या साखरपुडा असलेली मुलगी म्हणून माहीत. तिनं एक साचा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

दार धाडकन उघडलं.

"सूर लागला!" तो उंबऱ्यातूनच ओरडला. "वरचा! तिथे जाऊन थांबला! त्यांनी मला घेतलं!"

"खरंच?" ती उठून उभी राहिली, स्टूल मागे आडवं झालं. आणि ती हसली, होती तेवढी सगळी हसली.

तो होता तिथेच थबकला. तिच्या चेहऱ्याकडे, मग दातांकडे, मग फळीच्या कोपऱ्याकडे. कोपऱ्यात डबी नव्हती.

"काल शुक्रवार होता ना?" त्यानं घाबरत विचारलं.

"होता."

"मग... फट— म्हणजे... ही..."

"आहे. राहणार. उद्याचंही काही नाहीये आता. आणि तुम्ही सांगितलं नव्हतंत, बरं का. माझं मीच ठरवलं."

त्याला बसायला काहीतरी हवं होतं. स्टूल आडवं पडलेलं, म्हणून तो पेटीवरच बसला. "माझं पुढचं ऐका," तो म्हणाला. "घेतलं, हार-तुरे झाले, आणि मग त्यांचा फोटोवाला म्हणाला, पोस्टरसाठी सगळ्यांचे हसरे फोटो हवेत, तेव्हा तुम्ही आधी तो दात सरळ करून घ्या."

"काय!" ती किंचाळलीच. "पाच दात केले मी त्यासाठी! तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, अजिबात नाही. हा मुद्दाम वाकडा करून घेतलाय. हा केलाय माझ्या..." तो थांबला.

"तुमच्या काय?"

"तिथेच तर अडकलो ना." त्याचे कान लाल झाले होते. "ते सगळे बघतायत, आणि मला पुढचा शब्द येईना. डॉक्टर म्हणावं तर तुम्ही डॉक्टर नाही. कारागीर म्हणावं तर... तेवढंच नाही. तिथून इथवर बसमध्ये दीड तास शब्द शोधतोय. सोमवारी पोस्टरचा फोटो आहे. ते परत विचारणार. काय सांगू त्यांना? मी आता तुम्हालाच विचारतो, कारण तुमचं तुम्हाला माहीत असणार."

खोलीत मेणाचा वास होता, बाहेर वहिनी कुणाला तरी नमुन्यांची वही दाखवत होती. तिचं काळीज असं धडधडत होतं की फळीवरचे जबडे पुन्हा खुळखुळतील की काय असं वाटावं. काल एका वाक्यानं घर हादरवलं होतं. आणखी एकानं काय होणार होतं?

"या वर्षी मैत्रीण सांगा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीच्या पोस्टरला बायको सांगा."

त्याचा जबडा खाली पडला तो तसाच राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी ती जवळ गेली, सवयीप्रमाणे वाकली आणि आत डोकावून पाहिलं. वरचा डावा, अगदी पुढचा, छान बसला होता.

"मीट आता तोंड," ती म्हणाली.